वाकड्या पट्टीने सरळ केलेलं मिलिंग मशीन

तक्रार साधी होती. टेबलावर बसणारं, फिरत्या कटरने धातू कापणारं छोटं मिलिंग मशीन, त्यावर १२० × ८० मिमीची अॅल्युमिनियमची प्लेट आणि सपाट तोंड काढणारा ४० मिमीचा फेस कटर. टेबल डावीकडून उजवीकडे चालवत, दर पट्ट्याला ३० मिमी सरकत, तीन पट्ट्यांत प्लेटचं वरचं तोंड काढलेलं. प्लेट दिसायला चकचकीत. पण नख आडवं फिरवलं की दोन जागी अडकायचं, आणि स्ट्रेट एज, म्हणजे सरळ धारेची पट्टी, आडवी ठेवून उजेडासमोर धरली की प्रत्येक पट्ट्याच्या मधून बारीक रेघ चमकायची.

मशीन माझ्या मित्राचं. त्याने इन्सर्ट, म्हणजे कटरच्या बदलता येणाऱ्या धारा, बदलून पाहिले होते, प्लेट धरणारा व्हाइस काढून, पुसून परत बसवला होता. फरक शून्य. तो पडणारही नव्हता. इन्सर्ट बोथट असता तर फिनिश बिघडली असती, सपाटी नव्हे. व्हाइस तिरका असता तर अख्खी प्लेट एकीकडे उतरती झाली असती, पण तिन्ही पट्टे एकाच पातळीत आले असते. इथे प्रत्येक पट्टा स्वतःपुरता खोलगट होता आणि दोन पट्ट्यांच्या शिवेवर उंचवटा होता, शेतातल्या सरी-वरंब्यासारखा. हे दुखणं कटर ज्या अक्षावर फिरतो त्या अक्षाचं असतं.

दुसरा पुरावा कटरच्या खुणांचा. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, टेबलाला काटकोनात असेल तर कटरची पुढची धार कापते आणि मागची धार त्याच जागेवरून पुन्हा हलकेच घासत जाते. त्यामुळे पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात. या प्लेटवर कमानी एकाच बाजूला वळलेल्या होत्या. म्हणजे कटरची एक कड खाली होती आणि समोरची कड जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, शिवतच नव्हती.

कल कोणत्या दिशेला आहे यावर जॉबवर काय उमटणार ते ठरतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की प्लेट बघूनच अर्धं निदान होतं. स्पिंडल चालीच्या दिशेने कललेलं असेल तर पट्टा मधे खोल आणि कडांना उंच होतो. चालीला आडवं कललेलं असेल तर पट्टा सपाटच निघतो, पण एका बाजूला उतरता, आणि पुढचा पट्टा घेतला की मधे पायरी पडते. दोन्ही कल एकत्र असतील तर शिवेवरचा उंचवटा मधोमध न राहता एका अंगाला सरकतो. मित्राच्या प्लेटवर तो सरकलेला होता. म्हणजे मशीन डावी-उजवीकडेही कललेलं होतं आणि पुढे-मागेही.

हे मशीन कसं बांधलंय ते इथे सांगायला हवं, कारण इलाज त्यावर अवलंबून आहे. त्याला क्विल, म्हणजे हेड न हलवता स्पिंडल वरखाली करणारी सरकती नळी, नाही. डोव्हटेलच्या, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेच्या, उभ्या कॉलमवर स्पिंडलसकट अख्खं हेड वरखाली सरकतं. कॉलम पायथ्याशी एका मोठ्या नटाने आवळलेला असतो, तो नट सैल केला की कॉलम डावी-उजवीकडे कलवता येतो. पुढे-मागे कलवायची सोयच नाही. तिकडचा कल बनवणाऱ्याने दिला तो दिला.

डायल गेज, म्हणजे काट्याने उंचीतला बारीक फरक दाखवणारं मापक, कॉलेटमध्ये (स्पिंडलच्या पकडीत) धरलेल्या एका वाकड्या सळईवर लटकवून टेबलावर गोल फिरवणं ही जुनी रीत. ती बरोबरच आहे. एकच डायल दोन्ही टोकांना वाचत असल्यामुळे तिच्यात चूक शिरायला फारशी जागा नसते. अडचण वेगळीच आहे. कॉलम हातोडीने हळूच ठोकत असताना प्रत्येक ठोक्यानंतर स्पिंडल फिरवायचं, डायल पलीकडे गेला की मान वाकडी करून वाचायचं, आधीचा आकडा लक्षात ठेवायचा, परत ठोकायचं. मशीन नुसतं तपासायचं असेल तर एक डायल पुरे, त्यासाठी नवं हत्यार करू नये. पण ज्या मशीनचा कॉलम ठोकून जागेवर आणावा लागतो तिथे दोन्ही टोकं एकाच वेळी डोळ्यांसमोर हवीत. म्हणून आम्ही दोन डायलची पट्टी करायचं ठरवलं: मधे कॉलेटमध्ये धरायचा शँक, दोन्ही टोकांना एकेक डायल.

मित्राला पहिलाच प्रश्न पडला तो रास्त होता.

"अरे, पट्टी आपण करवतीने कापणार, भोकं याच तिरक्या मशीनवर पाडणार. मग ती पट्टी कुठे काटकोनात असणार?"

"नसू दे ना."

"आणि मग तिच्यावर मशीन जुळवायचं?"

सगळं प्रकरण या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. टेबलावर एका जागी एक ग्राइंड केलेला ठोकळा ठेवायचा. पहिला डायल त्यावर आणायचा आणि त्याची तबकडी फिरवून काटा शून्यावर घ्यायचा. आता स्पिंडल अर्धा फेरा फिरवायचं. ठोकळा हलवायचा नाही, हेड हलवायचं नाही. दुसरा डायल त्याच ठोकळ्यावर त्याच ठिकाणी येतो. त्याचीही तबकडी फिरवून शून्य. झालं. दोन्ही डायलची टोकं स्पिंडलच्या अक्षाच्या हिशेबाने एकाच उंचीवर असताना दोन्हीकडे शून्य आहे, कारण दोघांनी एकच बिंदू शिवलाय आणि मधल्या काळात स्पिंडलने फिरण्यापलीकडे काही केलेलं नाही. पट्टी वाकडी असो, शँक तिरका असो, एक डायल दुसऱ्यापेक्षा दोन मिमी खाली बसलेला असो, तो सगळा वाकडेपणा तबकडी फिरवताना वजा झाला.

"आणि टेबलच तिरकं असलं तर?" मित्राने पुढचं बोट ठेवलं.

जागा एकच असल्यामुळे टेबलाचा कल दोघांनाही सारखाच भेटतो. दोन डायल मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर नसले तर किंचित फरक पडतो खरा, कारण मग ते ठोकळ्यावर शेजारशेजारच्या दोन बिंदूंना शिवतात. त्याचा हिशेब सोपा आहे. कल १५० मिमीला ०.१८ मिमी असेल आणि अंतरात १ मिमीची तफावत असेल तर चूक १.२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). डायलचा एक भाग १० मायक्रॉनचा. सोडून द्या.

मोजमापाचं साधन उलटं करून त्याची स्वतःची चूक वजा करायची, ही युक्ती जुनीच. पाण्याच्या लेव्हलची टोकं अदलाबदल करून बुडबुडा त्याच जागी येतो का ते आपण बघतो, ते हेच. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत धातूच्या सपाट प्लेटांबद्दल निबंध वाचला. त्यांच्या रीतीत तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींवर ठेवून तपासल्या आणि उंच जागा खरवडत गेलं की तिन्ही सपाट होतात, आधीची एखादी सपाट प्लेट हाताशी असावी लागत नाही. घरच्या कामाला ही विचारसरणी फार जवळची आहे, कारण घरी मुळात बिनचूक असं काहीच नसतं.

तर पट्टीत अचूकता लागत नाही. मग काय लागतं? शून्य केल्यापासून वाचेपर्यंत काहीही हलता कामा नये, एवढंच. बनवताना सगळा जीव तिथे ओतायचा.

पट्टीला २५ × १६ मिमीचं अॅल्युमिनियम घेतलं, लांबी १८०, १६ ची बाजू उभी. पोलाद तीनपट ताठ असतं हे खरं, पण डायलची स्प्रिंग दाबून दाबून साधारण एक ते दीड न्यूटन बळ लावते. ७५ मिमीच्या अंतरावर तेवढ्या बळाने ही पट्टी अर्धा मायक्रॉनही वाकत नाही. हलकी पट्टी हाताळायला बरी, शिवाय लहान स्पिंडलवर लटकणारं वजन कमी.

शँक लेथवर माइल्ड स्टीलचा केला. २० मिमीच्या गोल बारवरून कॉलेटसाठी १२ मिमीचा भाग ३५ लांब उतरवला आणि खाली २० मिमीचा खांदा ठेवला. पट्टीला टेकणारं खांद्याचं तोंड काढताना मधला भाग मिमीचे दोन-तीन शंभरांश खोल घेतला, म्हणजे खांदा फक्त बाहेरच्या कडेवर बसतो. मधे जराही उंचवटा राहिला तर पट्टी त्यावर डुलते, आणि नेमकं डुलणंच आपल्याला परवडत नाही. मधे ५ मिमीचं ड्रिल मारून एम ६ च्या टॅपने आटे पाडले, खालून अॅलन बोल्ट. पट्टीतल्या भोकाच्या दोन्ही कडांची बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कोर, काढून ती बाजू सपाट दगडावर ऑइल स्टोनचं तेल टाकून चार हात फिरवली.

डायल धरायची जागा ही या पट्टीची खरी नाजूक जागा. डायलचा दांडा ८ मिमीचा आणि पोकळ असतो, मोजायच्या जागेला टेकणारी बारीक सळई, म्हणजे प्लंजर, त्याच्या आतून सरकतो. बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) मारून दांडा आवळला की स्क्रूचं टोक त्या पातळ नळीला एका बिंदूत दाबतं. नळी कणभर चेपते आणि प्लंजर अडखळतो. हे डोळ्यांना दिसत नाही, काटा फक्त कधी परत येतो, कधी एक-दीड भाग मागे राहतो. बऱ्याच घरगुती स्टँडवरचे डायल "खराब" निघतात ते यामुळे. म्हणून आम्ही फटीची पकड केली. मध्यापासून ७५ मिमीवर ७.८ चं ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा ८ चा रीमर. त्यानंतर पट्टीच्या टोकाकडच्या भागात, भोकापासून थोडं बाहेर, बाजूने आरपार ३.३ चं ड्रिल. निम्म्या जाडीपर्यंत ते ४.५ ने मोठं केलं आणि उरलेल्यात एम ४ चे आटे पाडले. ही सगळी भोकं झाल्यावर शेवटी हॅकसॉने टोकापासून भोकापर्यंत फट पाडली. क्रम महत्त्वाचा आहे. फट आधी पाडली तर रीमर फटीत शिरून भोक लंबगोल करतो आणि ड्रिल फटीशी पोचताना भरकटतं. फटीच्या आतल्या कडांची बर पातळ सुई-कानशीने काढली, कारण तिचा एक केस जरी आत राहिला तरी तो दांड्यावर ग्रब स्क्रूचंच काम करतो.

रीमर नसेल तर नुसतं ८ चं ड्रिलही चालेल. ड्रिलने भोक किंचित मोठंच पडतं, पण फट तेवढं मिटवून घेते.

आवळायचं किती? अॅलन कीची लांब बाजू बोल्टमध्ये घालायची आणि छोटी बाजू दोन बोटांनी फिरवायची, म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो. मग प्लंजर पूर्ण वर दाबून हळूहळू सोडायचा. काटा मधे कुठेही रेंगाळला तर बोल्ट थोडा सैल.

डायल पट्टीत अगदी उभे बसलेत का, याची चिंता मित्र बराच वेळ करत होता. दांडा दोन अंशांनी कलला तर प्रत्येक वाचनात दहा हजारात सहा भागांचा फरक पडतो. ०.१८ मिमीच्या वाचनावर तो एक मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा. दोन अंश डोळ्यांना दिसतात, तेव्हा नजरेने सरळ बसवले की पुरे.

मशीनवर चढवायच्या आधी टेबल ऑइल स्टोनने पुसून घेतलं. टी-स्लॉटच्या कडेला चावीचा मार लागून उठलेली बर सहज दोन शंभरांश उंच असते, आणि ठोकळा तिच्यावर बसला की पुढचं सगळं मोजमाप पाण्यात. हेड योग्य उंचीला आणून दोन्ही प्लंजर काट्याच्या साधारण एका फेऱ्याइतके दाबले जातील असं ठेवलं आणि हेडचा लॉक आवळला. लॉक आवळताना काटे चांगलेच हलले. छोट्या मशीनवर हे होतंच, सरकत्या भागाची फट भरणाऱ्या गिबच्या पट्टीतली मोकळीक लॉकने एका बाजूला दाबली जाते. म्हणून वाचन नेहमी लॉक आवळूनच घ्यायचं, कारण कामही लॉक आवळूनच होतं.

मग शून्याचा सोहळा. ठोकळा टेबलाच्या उजव्या अंगाला. पहिला डायल शून्य. प्लंजर बोटाने उचलून स्पिंडल अर्धा फेरा, दुसरा डायल ठोकळ्यावर, शून्य. आता खरी परीक्षा: परत अर्धा फेरा फिरवून पहिला डायल शून्यच दाखवतो का? नाही दाखवला. काटा दीड-दोन भाग बाजूला. मित्राने लगेच डायलवर संशय घेतला, पण तो फिरवत होता पट्टीचं टोक धरून. त्या टोकाला बोटाचा जोर लागला की बेअरिंगमधली सगळी फट एका बाजूला जाते. वरची पुली धरून, नेहमी एकाच दिशेने फिरवलं तेव्हा शून्य शून्यावर परत आलं आणि येतच राहिलं. ही परतीची परीक्षा गाळू नये. पट्टी, कॉलेट, बेअरिंग, पकड, काहीही ढिलं असेल तर ते इथेच कळतं, आणि तोवर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नसतो.

पहिलं वाचन डावी-उजवीकडचं. दोन सारख्या जाडीच्या ग्राइंड केलेल्या पॅरलल पट्ट्या दोन्ही डायलखाली ठेवल्या. उजवा डायल डाव्यापेक्षा ०.१८ मिमी जास्त दबलेला. अंतर १५० मिमी, म्हणजे उजवी बाजू खाली, हेड वरून उजवीकडे झुकलेलं. मग पट्टी पाव फेरा फिरवून पुढे-मागे पाहिलं: पुढचा डायल ०.०६ ने जास्त दबलेला. हेड पुढे मान टाकून.

आकडे प्लेटशी जुळतात का ते पडताळून घ्यायला हवं. ४० चा कटर, पट्टा ३० मिमीचा. पट्ट्याच्या मध्यापासून १५ मिमीवर कटरचं वर्तुळ साधारण ६.८ मिमी मागे सरकलेलं असतं. त्याला १५० ला ०.१८ या कलाने गुणलं की ०.००८ मिमी येतात. म्हणजे शीव मध्यापेक्षा सुमारे ८ मायक्रॉन उंच. चांगली स्ट्रेट एज एवढ्या फटीतून उजेड दाखवते. निदान आणि मोजमाप एकमेकांना धरून होतं.

१५० ला ०.१८ ऐकायला थोडं वाटतं, पण कॉलमच्या पायथ्यापासून ४०० मिमी उंचीवर तेवढ्या कलासाठी फक्त अर्धा मिमी सरकायचं असतं. आणि आपल्याला तर त्या अर्ध्या मिमीचाही वीसावा हिस्सा पकडायचाय. इथे दोन डायलचं मोल कळलं. मोठा नट एवढाच सैल केला की कॉलम जागचा हलायला मऊ हातोडीचा ठोका लागावा. ठोकताना दोन्ही काटे एकदम दिसतात. कॉलम कलताना हेड थोडं बाजूलाही सरकतं, त्यामुळे काटे नेमके शून्यावर येण्याची वाट बघायची नाही. दोघांतला फरक संपला की काम झालं, मग दोघंही ०.०७ दाखवत असले तरी चालेल.

फरक संपला आणि मित्राने नट आवळला. आवळता आवळता उजवा डायल ०.०४ ने खाली गेला. नट फिरतो त्या दिशेला कॉलमला सोबत ओढून नेतो, हा या बांधणीचा स्वभावच आहे. नटाखाली तेल लावलेला घासून गुळगुळीत केलेला वॉशर घातला तेव्हा ओढ निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यासाठी कॉलम आधीच विरुद्ध बाजूला तेवढा झुकवून ठेवला आणि आवळताना तो आपसूक जागेवर आला. शेवटचं वाचन पॅरलल पट्ट्या काढून, एकच ठोकळा आळीपाळीने दोन्ही डायलखाली ठेवून घेतलं, म्हणजे दोन पट्ट्यांच्या जाडीतला सूक्ष्म फरकही बाद. फरक राहिला ०.०१ च्या आत.

पुढे-मागेला हात लावायच्या आधी मुद्दाम एक जुनी प्लेट काढून बघितली. खोलगटपणा गेला होता. आता पट्ट्यापट्ट्यांत स्वच्छ, धारदार पायरी होती, बाराएक मायक्रॉनची. ३० मिमीच्या टप्प्याला १५० ला ०.०६ च्या कलाने गुणलं की नेमकं तेवढंच येतं. मित्राला वाटलं काम बिघडलं, कारण पायरी नखाला आधीच्या उंचवट्यापेक्षा जास्त जाणवत होती. खरं तर एक दुखणं गेल्यामुळे दुसरं एकटं उघडं पडलं होतं.

तिथे इलाज शिमचा, म्हणजे फटीत सरकवायच्या पातळ पत्र्याचा. कॉलमच्या पायाचे पुढचे आणि मागचे बोल्ट १२० मिमी अंतरावर होते. १५० ला ०.०६, तर १२० ला ०.०४८. हेड पुढे झुकलेलं असल्यामुळे पायाची पुढची कड उचलायची, म्हणजे कॉलम मागे जातो. पुढच्या दोन बोल्टांभोवती, पायाखाली, ०.०५ च्या पितळी शिमचे घोड्याच्या नालेसारखे कापलेले तुकडे सरकवले. डब्याचा पत्रा किंवा फॉइलच्या घड्या घालू नयेत असं माझं मत. मऊ फॉइल बोल्टाच्या दाबाखाली काही काळ चेपत राहते आणि आज जुळवलेलं महिन्याने हललेलं असतं. बोल्ट आवळल्यावर पुढे-मागेचा फरक ०.०१ वर आला. डावी-उजवीकडचं पुन्हा तपासलं, कारण पायाचे बोल्ट सैल झाले की तिकडचंही थोडं हलतं. यावेळी ते ०.०२ ने हललं होतं, पुन्हा जुळवलं.

काही जण फेस कटरची मागची धार जॉबला घासू नये म्हणून चालीच्या दिशेने मुद्दाम एक-दोन शंभरांशांचा कल ठेवतात. एकाच दिशेने चालणाऱ्या उत्पादनाच्या मशीनला ते शोभतं. घरच्या मशीनवर टेबल कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे, कधी आडवं. तिथे कल न ठेवलेला बरा. नव्या प्लेटवर दोन्हीकडच्या कमानी एकमेकींना छेदत होत्या आणि नख कुठेच अडकलं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण या पट्टीने जुळवलं ते फक्त स्पिंडल आणि टेबल यांचं नातं. हेड ज्या कॉलमवर चढतं-उतरतं तो टेबलाला उभा आहे की नाही, याबद्दल पट्टी एक अक्षर बोलत नाही. क्विल नसलेल्या मशीनवर हे फार मोलाचं, कारण तिथे ड्रिलची सगळी वाटचाल कॉलमच्याच दिशेने होते. म्हणून लेथवर ४० मिमीचा एक गोल बार वळून, चकमधून न काढता त्याच पकडीत तोंड काढून, तो टेबलावर उभा केला. कॉलेटमध्ये लीव्हरचा डायल धरून, त्याचं टोक बारच्या उजव्या अंगाला टेकवून हेड १०० मिमी वर नेलं. वाचन ०.०५. बार जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून पुन्हा: ०.०३. सरासरी ०.०४ हा कॉलमचा कल, आणि उरलेला ०.०१ बारच्या तोंडाचा. पुन्हा तीच उलटण्याची युक्ती, पण तिला इथे एक फट आहे. बार निमुळता असेल तर तो फिरवूनही निमुळताच राहतो, ती चूक वजा होत नाही. मायक्रोमीटरने वर-खाली व्यास मोजून फरकाचा निम्मा भाग वेगळा धरावा लागतो. आमच्या बारमध्ये व्यासाचा फरक मायक्रोमीटरला जाणवला नाही.

म्हणजे हेड त्याच्या सरकत्या ब्लॉकवरच १०० ला ०.०४ ने फिरून बसलंय. स्पिंडल टेबलाला काटकोनात आणलं की कॉलम तेवढा तिरका होतो, आणि कॉलम उभा केला की स्पिंडल कलतं. दोन्ही एकदम जुळवायचं तर हेड ब्लॉकपासून काढून, बोल्टांच्या भोकांतल्या मोकळ्या जागेपुरतं फिरवून परत आवळावं लागेल. ते बोल्ट हेड पूर्ण खोलल्याशिवाय हाताला लागत नाहीत.

आम्ही स्पिंडल-टेबल जुळलेलं ठेवलं, कारण मित्राचं बहुतेक काम सपाट तोंडं काढायचं आहे. कॉलमच्या कलाची किंमत कुठे मोजावी लागते ते मात्र त्याला मशीनजवळच्या पाटीवर लिहायला लावलं: सेंटर ड्रिल काढून लांब ड्रिल लावायला हेड ८० मिमी वर नेलं तर भोकाची जागा तीनएक शंभरांशांनी सरकते. म्हणून जागेला किंमत असलेल्या भोकांसाठी आखूड ड्रिल वापरायचं, नाहीतर हेड नव्या उंचीला लॉक केल्यावर कड पुन्हा शोधून टेबलाचे आकडे नव्याने घ्यायचे. २० मिमी खोल भोक यामुळे ८ मायक्रॉन तिरकं जातं, ते त्याच्या कामात चालतं. स्पिंडलचे बेअरिंग बदलायला हेड कधीतरी खोलावं लागेलच, तेव्हा ब्लॉकवरचं हे फिरणंही काढून टाकू.